डिझेल घ्यावी की पेट्रोल? गाव ते तालुका ७ किलोमीटर, आणि मधात हा डीपीएफ

वावरकरी (दारव्हा):

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरापासून तालुक्याच्या ठिकाणी आमचं कृषी केंद्र आहे, ७ किलोमीटर. वावर उलट्या दिशेला, पांदणीनं २ किलोमीटर. २०१२ साली घेतलेली १.३ लिटर डिझेल गाडी आजही चालू आहे. तिनं आम्हाला रस्त्यात कधी सोडलं नाही. बहिणीच्या लग्नाची खरेदी, बाबांचं शेवटचं आजारपण, तुरीची पोती, सगळं तिनंच वाहिलं. आता पत्रा खालून सडला आहे आणि १५ वर्षांची नोंदणीही संपत आली आहे. बजेट सगळं मिळून १२ लाख.

मनात डिझेलच पक्की होती. पण माझ्या साडूनं दोन वर्षांपूर्वी नवी डिझेल घेतली आणि तिचा एक पिवळा दिवा सारखा लागतो. सर्व्हिस सेंटरवाले सांगतात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा डबा, भरला, गाडी हायवेला पळवून आणा. मी शोरूममध्ये विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "जुनी चालवत होते तशीच चालवा, काही फरक नाही." ह्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून इथं आलो.

आमचा वापर असा: रोज केंद्रावर जाणं-येणं १४ किलोमीटर. फवारणीच्या दिवसांत दोन-दोन खेपा. आईला दम्याचा त्रास आहे, तिला महिन्यातून एकदा सेवाग्रामला न्यावं लागतं, ते एका बाजूनंच शंभराच्या वर होतं. वर्षात तीन-चारदा नागपूर. एकूण साधारण ११,००० किलोमीटर.

डिझेल घ्यावी का?

संत्राबाग (वरूड):

डिझेलच घ्या. माझी २०२१ ची आहे, ६८,००० किलोमीटर झाले, डीपीएफचा दिवा एकदाही लागला नाही. चार माणसं आणि मागं संत्र्याचे क्रेट असतानाही चढावर गिअर बदलावा लागत नाही. पेट्रोलमध्ये ती ताकद नाही.

वावरकरी:

भाऊ, तुमचं रोजचं जाणं-येणं कसं असतं?

संत्राबाग:

आठवड्यातून दोनदा नागपूर. हंगामात तीनदा. गावातल्या गावात मोटारसायकलच वापरतो.

गॅरेजवाला (कारंजा लाड):

संत्राबाग भाऊ, तुमचं उत्तर याच्यातच हाये. तुमची गाडी हप्त्यातून दोनदा दीड-दोन तास एका दमात पयते. तिच्यातली काजळी तुमाले न सांगता रस्त्यानंच जळून जाते. वावरकरी भाऊची गाडी रोज ७ किलोमीटर जाईन आन बंद होईन. तेवढ्यात तं इंजिन धड गरम बी होत नाई.

मी २२ वर्षांपासून गॅरेज चालवतो. एक गोष्ट सांगतो. मांगच्या उन्हाळ्यात एक मास्तर डिझेल गाडी घेऊन आले. शाळा घरापासून ४ किलोमीटर. गाडी दोन वर्षाची, फकस्त ९,००० किलोमीटर चाललेली. दिवा लागला व्हता आन गाडी ओढत नव्हती. म्या पहिले कॉम्प्युटर लावला नाई, पहिले डिपस्टिक, म्हंजे इंजिनातलं तेल मोजाची पट्टी, काढली. तेल वरच्या खुनेच्या बोटभर वर. वर्षभरात कोनं थेंब बी टाकला नव्हता, तरी तेल वाढलं. बोटावर घेतलं तं पातय, पान्यासारखं, आन वास डिझेलचा. मास्तर म्हने, "तेल वाढलं म्हंजे चांगलंच ना?" म्या म्हनलं, "सर, हे तेल नाई वाढलं, याच्यात डिझेल उतरलं. अजून महिनाभर चालवलं असतं तं टर्बो गेला असता."

डीपीएफ काढून साफ केला, तेल बदललं. मास्तरचे जे पैसे गेले त्याच्यात पेट्रोल-डिझेलचा चार-पाच वर्षांचा फरक निंघून गेला असता. गाडी खराब नव्हती. गाडी चुकीच्या रस्त्यावर व्हती, इतकंच.

इंजिनवाली (पुसद, सध्या पुणे):

गॅरेजवाले दादांनी डिपस्टिकवरून जे ओळखलं ते अगदी बरोबर आहे. हे असं का होतं ते सांगते, कारण माझं रोजचं काम धूर शुद्ध करणाऱ्या ह्याच भागांवर आहे.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला सिरॅमिकचा डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. एक नळी पुढच्या टोकाला बुजवलेली, शेजारची मागच्या टोकाला. धूर आत शिरतो पण त्याला सरळ बाहेर पडता येत नाही, भिंतीतून झिरपून पलीकडच्या नळीत जावं लागतं. वायू जातो, काजळी भिंतीवर राहते. डबा भरत आला की ती काजळी जाळावी लागते, आणि ती नीट पेटायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. गावातल्या गावात चालवताना डिझेल गाडीचा धूर २०० अंशांच्या आसपासच असतो.

जाळण्याचे मार्ग दोन. हायवेवर धूर पुरेसा तापला की डब्याच्या अलीकडच्या कॅटॅलिस्टमध्ये (धुरात रासायनिक क्रिया घडवणारा भाग) नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि त्यानं काजळी कमी तापमानालाच हळूहळू जळत राहते. चालवणाऱ्याला कळतही नाही. संत्राबाग ह्यांचं हेच होतं. दुसरा मार्ग संगणकाचा. डबा ठरावीक पातळीपर्यंत भरला की तो सिलिंडरमध्ये उशिरानं थोडं जादा डिझेल सोडतो, ते कॅटॅलिस्टवर जळतं, उष्णता वाढते आणि काजळी पेटते. ह्याला रीजनरेशन म्हणतात. गाडी आणि वापर ह्यांप्रमाणे साधारण ३०० ते ८०० किलोमीटरला एकदा, आणि त्याला १० ते २० मिनिटं सलग चालणं लागतं.

वावरकरी दादांच्या ७ किलोमीटरमध्ये काय होईल बघा. पहिले चार-पाच किलोमीटर इंजिन तापण्यातच जातील. मग रीजन सुरू होईल आणि दोन मिनिटांत दुकान येईल. चावी बंद. संध्याकाळी परत तेच. प्रत्येक अर्धवट प्रयत्नात जादा डिझेलातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरतं. मास्तरांच्या डिपस्टिकवर तेच होतं.

तुमच्या २०१२ च्या गाडीला हा डबाच नाही, म्हणून ती कशीही चालवली तरी चालली. विक्रेत्याचं "काही फरक नाही" हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे.

कोळसापट्टा (वणी):

मधात एक विचारतो. आमच्याकडे रस्त्यावर कोळशाची आणि मुरमाची धूळ इतकी की सकाळी धुतलेली गाडी दुपारी ओळखू येत नाही. ह्या धुळीनं डीपीएफ लवकर भरतो का? आणि उन्हाळ्यात ४६-४७ अंश तापमान असतं, त्याचा काजळी जळायला काही फायदा?

इंजिनवाली:

रस्त्याची धूळ डीपीएफमध्ये जात नाही, ती एअर फिल्टर अडवतो. पण एअर फिल्टर तुंबला की इंजिनला हवा कमी मिळते, डिझेल अर्धवट जळतं, काजळी जास्त होते आणि डबा लवकर भरतो. त्यामुळे वणी, चंद्रपूर, घुग्घुस भागात एअर फिल्टर सर्व्हिसच्या तारखेची वाट न पाहता उघडून बघत जा.

उन्हाचा फायदा नाही. ६०० अंशांपुढे बाहेरच्या ४७ नं काही होत नाही. उलट तोटा होतो, कारण उन्हाळ्यात आपण लग्नाच्या मंडपासमोर किंवा बँकेबाहेर एसी चालू ठेवून अर्धा-अर्धा तास गाडी उभी ठेवतो. उभ्या गाडीचं इंजिन थंड धूर आणि काजळी दोन्ही देतं.

रोडकिंग७:

एवढं डोकं कशाला लावता? डिझेल घ्या आणि वॉरंटी संपली की डबा आतून पोकळ करून टाका. सॉफ्टवेअर बदलून देणारे नागपुरात आहेत. पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, दिवा कायमचा बंद.

गॅरेजवाला:

माह्याकडे बी लोकं हेच विचारत येतात. मी करत नाई. पैसे चांगले भेटतात, पन करत नाई.

श्वासवैद्य (बुलढाणा):

रोडकिंग, तुमचा सल्ला वाचून गप्प बसवत नाही. मी छातीचे विकार तपासते. रोज माझ्यासमोर अशा बायका बसतात ज्यांनी आयुष्यभर चुलीवर पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक केला. कधी विडीला हात लावला नाही, आणि फुप्फुसं मात्र विडी ओढणाऱ्याची. धूर काय करतो हे मला कागदावर वाचावं लागत नाही.

डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये पक्क्या गटात नोंदवलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. ह्या काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की नाक-घसा ते अडवू शकत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात, काही तिथून रक्तात उतरतात. वावरकरी दादांच्या आईला दमा आहे. गाडी अंगणात सुरू होईल तेव्हा त्या ओसरीवरच बसलेल्या असतील ना?

आकडा लक्षात ठेवा. बीएस म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा. बीएस-३ डिझेल गाडीला किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-४ ला २५, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ला ४.५. हा फरक मुख्यतः त्या डब्यामुळे आहे. तो पोकळ केला की नवी गाडी घेऊनही धूर जुनाच.

इंजिनवाली:

आणि ते बेकायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा निघू शकतो. डबा काढावा लागेल असं वाटत असेल तर ती गाडी तुमच्या वापराची नाही. ती घेऊ नका.

वावरकरी:

डॉक्टर ताई, तुमचं वाचून मी मघाशी ओसरीवर जाऊन उभा राहिलो. आमच्या गाडीचा सायलेन्सर जिथं येतो तिथून आईची बाज सहा पावलांवर आहे. मी इतकी वर्षं रोज सकाळी पाच मिनिटं गाडी उभी ठेवून गरम करायचो. आजपासून ते बंद.

रोडकिंग भाऊ, डबा काढणार नाही. घेईन तर डब्यासकट, नाहीतर पेट्रोल.

अजून एक विचारायचं आहे. काही डिझेल गाड्यांत युरियाचं पाणी टाकावं लागतं म्हणे. माझ्या केंद्रात युरियाची पोती आहेतच. गावातले दोघं आत्ताच विचारून गेले, की तोच पाण्यात विरघळवून टाकला तर?

इंजिनवाली:

नाही! कृपा करून कोणालाही हे करू देऊ नका, आणि तुमच्या काउंटरवर ह्यासाठी पोतं मागायला कोणी आलं तर समजावून परत पाठवा.

ते द्रव, ज्याला डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणतात, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. खताच्या युरियावर आपल्याकडे निंबोळी तेलाचा लेप असतो, शिवाय त्यातली इतर अशुद्धता आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार. ह्यानं गाडीतला हे द्रव धुरात फवारणारा नोझल बुजेल आणि कॅटॅलिस्टही कायमचा निकामी होईल. आणि शेतीसाठी अनुदानावर दिलेला युरिया दुसऱ्या कामाला वापरणं हा गुन्हा आहे, त्यात तुमचा परवाना जाईल.

हे द्रव काजळीसाठी नसतं, नायट्रोजन ऑक्साइडसाठी असतं. बीएस-४ डिझेलला त्याची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम होती, बीएस-६ ला ८० आहे. ज्या गाडीला हे द्रव लागतं तिची ह्या द्रवाची टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी परत सुरू होत नाही. म्हणून घेण्याआधी विचारा, की ह्या मॉडेलला लागतं का, आणि लागत असेल तर दारव्ह्यात सीलबंद कॅन कुठं मिळतो.

ट्रॅक्टरवाला (मेहकर):

ड्रममधल्या डिझेलचं काय? आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरसाठी ड्रम भरून ठेवतात, आणि अडीनडीला त्यातलंच गाडीत ओततात.

गॅरेजवाला:

ट्रॅक्टरले चालते, गाडीले नाई. आपल्या साध्या ट्रॅक्टरले हा डबाच नसते. ड्रमच्या तयाशी पानी आन गंज असते, तो नव्या गाडीच्या इंजेक्टरले खाते. इंजेक्टर खराब झाला की फवारा बिघडते, काजळी वाढते, आन मंग डबा. सुरुवात ड्रमपासून, आन बिल डीपीएफच्या नावानं.

अजून एक. डीपीएफवाल्या गाडीले कमी राखेचं तेल लागते, पुस्तकात जे लिहिलं तेच. बाजारातलं स्वस्त डिझेल इंजिन तेल टाकलं तं त्याची राख डब्यात बसते. काजळी जळते, राख जळत नाई.

हिशेबनीस (मूर्तिजापूर):

आता पैशाचं बोलू. वावरकरी ह्यांचे वर्षाचे ११,००० किलोमीटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १६ देईल, डिझेल २०. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये धरलं, आपापल्या पंपाप्रमाणे बदलून घ्या.

पेट्रोलचा खर्च वर्षाला सुमारे ७२,२०० रुपये, डिझेलचा ५०,६००. फरक २१,६००. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलच्या रस्त्यावरच्या किमतीत १ लाख ४० हजारांचा फरक धरला, तर तो भरून यायला साडेसहा वर्षं लागतील. डिझेलच्या सर्व्हिसचा जादा खर्च ह्यात धरलेलाच नाही.

संत्राबाग ह्यांच्यासारखं वर्षाला २५,००० चाललं तर फरक ४९,००० होतो, म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. त्यांनी डिझेल घेतली ते बरोबरच केलं.

किमतीतल्या फरकाचा एक भाग करात आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीला १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर आहे, डिझेलवर १३. त्याच्या वर २० लाखांपर्यंत १२ आणि १४. जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला सारखाच, १८ टक्के.

कोणी १० वर्षांत डिझेल भंगारात जाईल म्हणून घाबरवत असेल तर ते दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचं आहे. यवतमाळ-अकोल्याला १५ वर्षांची नोंदणी आणि पुढं फेरनोंदणी हाच नियम आहे.

मेळघाट_फेरी (धारणी):

हिशेब पटला. पण पेट्रोलवाल्यांनी एक समजून घ्यावं. मी परतवाडा-सेमाडोह-धारणी ह्या घाटात गाडी चालवतो. १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनला ११०-११५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, असतो आणि तोही इंजिन ओरडल्यावर येतो. १५०० सीसीचं डिझेल २५० च्या आसपास देतं आणि खालूनच देतं. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना हा फरक पायाला कळतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत तर जास्तच.

वावरकरी:

हो, पांदणीचीच मला काळजी आहे. जुलैमध्ये आमची पांदण चाकाला धरून ठेवते. मग टर्बो पेट्रोल घेऊ का? त्यात ताकद असते म्हणतात. आणि पेट्रोलला हा डबा नसतो ना?

इंजिनवाली:

इथं पेट्रोलमध्येही दोन जाती आहेत, आणि हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

पहिली पोर्ट इंजेक्शनची. पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं, हवेत नीट मिसळून आत जातं. काजळी अगदी कमी, फिल्टरची गरजच पडत नाही. मारुतीची १.२ आणि १.५ ची साधी इंजिनं, ह्युंदाईचं १.२, होंडाचं १.२, टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो ही ह्या जातीची.

दुसरी थेट इंजेक्शनची. पेट्रोल सरळ सिलिंडरच्या आत, जास्त दाबानं. ताकद आणि ॲव्हरेज चांगलं, पण थंड इंजिनमध्ये काही थेंब पिस्टनवर आणि भिंतीवर बसतात, ते अर्धवट जळतात आणि बारीक काजळी होते. ह्युंदाई-कियाचं १.० टर्बो, स्कोडा-फोक्सवॅगनची टीएसआय, महिंद्राची टीजीडीआय ही ह्या जातीची. म्हणूनच बीएस-६ मध्ये कणांच्या संख्येची मर्यादा डिझेलसोबत फक्त ह्याच पेट्रोल गाड्यांना आहे. डिझेलला ती किलोमीटरमागे ६०,००० कोटी कण. आकडा प्रचंड वाटेल, पण फिल्टरशिवाय कुठलंही डिझेल इंजिन तिथं पोचत नाही.

युरोपात २०१७-१८ पासून थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना जीपीएफ, म्हणजे पेट्रोलच्या धुरातली काजळी अडवणारे डबे, सर्रास बसायला लागले. रचना डीपीएफसारखीच, पण त्रास कितीतरी कमी. पेट्रोलचा धूर मुळातच जास्त गरम असतो. उतारावर किंवा गतिरोधकाआधी तुम्ही पाय उचलला की इंजिन पेट्रोल तोडतं, नुसती हवा पुढं जाते, आणि गरम डब्यात साठलेली थोडी काजळी त्या प्राणवायूवर जळून जाते. जादा इंधन फवारावं लागत नाही, म्हणून तेल पातळ व्हायची ती डिझेलची भानगडही नाही.

तुमच्या ७ किलोमीटरसाठी माझं मत पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोलला. पांदणीसाठी टॉर्कपेक्षा गाडीची जमिनीपासून उंची आणि टायर पाहा. चिखलात ताकद जास्त असली की चाक जागेवरच फिरतं.

हिशेबनीस:

पेट्रोल घेताना ई-२० विसरू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग त्यासाठी बनवलेले आहेत. जुनी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेत असाल तर तिचं मॅन्युअल बघूनच घ्या. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होईल असं लिहिलं होतं. मी १६ धरले ते म्हणूनच.

सोयाबीनवाली (मालेगाव, वाशीम):

मी ह्या धाग्यात गाडीची जाणकार म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे झालं ते सांगते, म्हणजे दुसऱ्याकडे होणार नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोयाबीनची मळणी नुकतीच झाली होती. माझे दीर वाशीमहून आले आणि गाडी सरळ खळ्यात आणून लावली. खाली कुटार पसरलेलं, घोट्याएवढं. गाडी बंद केली तरी पुढचा पंखा जोरात फिरत होता. त्यांना वाटलं इंजिन गरम झालं असेल. आम्ही चहा ठेवला. दहा मिनिटांत माझी मुलगी पळत आली, "आई, गाडीखालून धूर येतो." खरंच, मधल्या भागाखालचं कुटार काळं पडून धुमसत होतं. सालदारानं बैलांच्या पाण्याची बादली ओतली, दिरांनी गाडी ढकलून बाहेर काढली. बाजूलाच ३० पोती सोयाबीन रचलेलं होतं. पाच मिनिटं उशीर झाला असता तर ते लिहायला हात उठला नसता.

नंतर मेकॅनिकनं सांगितलं की गाडी रस्त्यानं डीपीएफ जाळत होती आणि ते संपायच्या आत खळ्यात आली.

इंजिनवाली:

ताई, हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. गाडीच्या पुस्तकात वाळल्या गवतावर उभी करू नका असं एक वाक्य असतं, पण कुटार आणि पऱ्हाटी म्हटल्याशिवाय ते आपल्याकडे पोचत नाही. रीजन चालू असल्याच्या खुणा अशा: उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर, ॲव्हरेज दाखवणारा काटा अचानक खाली, गरम धातूचा वास, आणि बंद केल्यावरही जोरात फिरणारा पंखा. ह्यातलं काही दिसलं तर शक्यतो आणखी दहा-पंधरा मिनिटं चालवा. थांबावंच लागलं तर मोकळ्या जमिनीवर थांबा.

गॅरेजवाला:

वावरकरी भाऊ, एक काम करा. आपले लोकं वर्षाचे किलोमीटर मोजतात. तुमी महिनाभर कॅलेंडरवर लिहा, की कोन्या दिवशी गाडी न थांबता २५ मिनिटं, ६० च्या वर चालली. तेवढंच लिहा. महिन्याच्या शेवटी सांगा.

वावरकरी (पाच आठवड्यांनी):

दादा, लिहिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायकोनं हिरव्या पेनानं खुणा केल्या. ३१ दिवसांत हिरव्या खुणा ३. आईला सेवाग्रामला नेलं त्याची एक, एका लग्नाला अमरावतीला गेलो त्याची एक, आणि एक यवतमाळला बँकेच्या कामाची. मधे सलग १७ दिवस एकही खूण नाही, आणि त्या १७ दिवसांत गाडी ४६ वेळा सुरू झाली.

पोर्ट इंजेक्शनची १.२ पेट्रोल बुक केली. डिझेलनं आम्हाला १४ वर्षं साथ दिली, त्यामुळे पावतीवर सही करताना मन जड झालं होतं, खोटं कशाला सांगू.

आता साडूचं. त्याचा पिवळा दिवा परत लागला तेव्हा मीच त्याला म्हटलं, चल. आधी डिपस्टिक पाहिली, तेल खुणेच्या आतच होतं. टाकीत डिझेल अर्ध्याच्या वर. कारंज्याहून समृद्धीवर चढलो आणि नागपूरच्या दिशेनं चौथ्या गिअरमध्ये ८०-८५ वर, आरपीएम २००० च्या वर धरून चालवत राहिलो. गाडी त्याची, पण स्टिअरिंग माझ्याकडे. तो नुसता त्या दिव्याकडे पाहत होता. दहा मिनिटं काही नाही. मग ॲव्हरेजचा आकडा खाली आला, पाय न दाबता इंजिनचा आवाज थोडा भरडा झाला. मी म्हटलं, आता बोलू नको. बाविसाव्या मिनिटाला दिवा गेला. धामणगावच्या फाट्यापर्यंत तसेच गेलो आणि खाली उतरून मोकळ्या मुरमावर गाडी लावली. पंखा फिरत नव्हता.

साडू शिक्षक आहे, शाळा घरापासून ५ किलोमीटर. आता दर दुसऱ्या रविवारी तो सासूबाईंना घेऊन कारंज्याला गुरुमंदिरात जातो आणि परत येताना समृद्धीवरून एक फेरी मारतो. त्याला विचारलं, विकून टाकतोस का? म्हणाला, कर्ज अजून तीन वर्षं आहे.

गॅरेजवाला:

त्याले सांगा, पुढच्या रविवारी माह्याकडे पाच मिनिटं थांब. तेल पाहून देतो, पैसे नाई घेत.